पितृपक्षात घेतलेलं घर

“घर लेवानं व्हई तं पितरस्मा ल्या भाऊ, पितरस्मा!”

एवढं बोलून आप्पा चष्मा कपाळावर चढवायचे. चष्मा कपाळावर गेला की समजावं, समोरचा माणूस आता पंधरा मिनिटं तरी सुटत नाही.

शहाद्याला दस्त नोंदणीच्या कचेरीबाहेर माझं टेबल आहे. खरेदीखतं, बक्षीसपत्रं, वाटणीपत्रं लिहिण्यात माझी तीस वर्षं गेली. आप्पा त्या कचेरीत शिपाई होते. साहेब आले नि गेले, अंगठ्याची शाई जाऊन अंगठ्याचं यंत्र आलं, पण दारातल्या स्टुलावर आप्पा तेच. पक्षकारांची नावं पुकारणं हे त्यांचं सरकारी काम. नाव पुकारता पुकारता “घर कोठे लिधं? भिंती देख्यात का?” अशी चौकशी करणं, ही नेमणूक त्यांची त्यांनीच करून घेतलेली.

आता तुम्हांला ठाऊकच आहे, भाद्रपदातले ते शेवटचे पंधरा दिवस आपल्याकडे कुणी नव्या वस्तूला हात लावत नाही. रुमाल घ्यायचा असला तरी घटस्थापनेची वाट पाहणारी माणसं आपण. त्या दिवसांत कचेरी ओस पडायची. मी शब्दकोडं सोडवत बसायचो आणि आप्पा माझ्या टेबलाशी येऊन तावातावाने बोलायचे, जणू पितृपक्षाला नावं ठेवणारा मीच.

“चार महिना पानी पीसनी भिंत आते खरं बोलस. चैत्रमा कोणतीबी भिंत खोटंच बोलस.”

त्यांचं म्हणणं अगदीच वेडगळ नव्हतं. उन्हाळ्यात रंग मारून उभं केलेलं घर कोण ओळखणार? पावसाळा सरता सरता घर पाहिलं, तर कुठे गळतं, कुठे ओल चढते, अंगणात पाणी किती वेळ साचून राहतं, सगळं उघडं पडतं. शिवाय तोवर कापूस शेतातच असतो. एकदा पहिली वेचणी बाजारात गेली, की विकणारा बोलायला तयार नसतो. पितरांत तो खुर्ची पुढे करतो, चहा सांगतो.

“अन् पितरं म्हंजे कोण? आपलाच आजा-पंजा ना? तो कसाले आपलं वाईट करी?” हे त्यांचं शेवटचं. त्यानंतर चष्मा खाली यायचा.

माझं घर मी त्यांच्याच सांगण्यावरून पितृपक्षात घेतलं. आमच्या हिला दसरा हवा होता. आप्पा स्वतः आले. दारात चपला काढल्या, खोलीखोलीत गेले. प्रत्येक भिंतीच्या तळाशी उकिडवे बसायचे, जमिनीपासून वीतभर उंचीवर तळहात टेकवायचे आणि मग तो हात नाकाशी नेऊन हुंगायचे. ही तोंडाला पदर लावून हसत होती.

“हसू नका वहिनी,” आप्पा म्हणाले. “ओल लपावता येस. ओलना वास लपावता येत नही.”

घर चांगलं लागलं. मुलांचं शिक्षण त्याच घरात झालं, थोरलीचं लग्न त्याच अंगणातून झालं. दर वर्षी पितर आले की आप्पा स्टुलावरूनच ओरडायचे, “कसं शे घर?”

“गळत नाही.”

“मंग!”

त्यांचा स्वतःचा संसार मात्र बसस्टँडमागच्या भाड्याच्या दोन खोल्यांत. तिथे झोपेतसुद्धा एसटीच्या घोषणा ऐकू यायच्या. आप्पांची बायको, आमच्या वहिनी, गमतीने म्हणायच्या, “आमनी हर्षू बोलाले शिकनी ती ‘धुळे-शहादा-धडगाव’ म्हनतच शिकनी.” हर्षदा ही त्यांची एकुलती एक मुलगी. ती फार्मसीच्या पहिल्या वर्षाला होती. कॉलेजला जाता जाता आप्पांचा डबा घेऊन स्कूटीवर यायची आणि माझ्या टेबलाच्या कोपऱ्यावर बसायची.

“काका, तुम्ही इतकी वर्षं ‘चतुःसीमा’ लिहिता, विसर्ग एकदाही देत नाही.”

“विसर्गाने घर कुणाचं ते बदलत नाही.”

“मग आमच्या घराच्या दस्तात तरी द्या.”

“आधी बापाला घर घ्यायला सांग.”

ती स्टुलाकडे पाहून मोठ्याने म्हणायची, “आप्पा, गावनी घरं देखीसनी झायी व्हतीन तं आपलंबी देखा ना एक.”

शेवटी त्यांनी पाहिलं. गावाबाहेरच्या नव्या वस्तीत दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागच्या बाजूने गच्चीवर जाणारा जिना. तीन पावसाळे ते घर आप्पांच्या नजरेखाली होतं. एकाच कोपऱ्यात थोडी ओल होती. विकणारा तयार झाला तो नेमका पितृपक्षात, आणि आप्पांच्या मते याहून चांगला शकुन नव्हता.

वहिनी म्हणाल्या, “दसरा बारा दिवसवर शे. बारा दिवस थांबा ना.”

आप्पांचा चष्मा वर गेला. हर्षदा बापाच्या बाजूने. दोघांपुढे वहिनींचं काय चालणार? तरी एक तोड निघाली. नोंदणी पितरांत करायची आणि राहायला दसऱ्याला जायचं. दस्त मी लिहिला. हर्षदाने तो पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला आणि विसर्ग सापडल्यावर टाळी वाजवली.

बाहेरच्या खोलीला तिने पोपटी रंग निवडला होता. इतका पोपटी, की दसऱ्याला सोनं द्यायला आलेली माणसं उंबऱ्यातच थबकत होती. “घर घेतलं की पोपट पाळला!” मी म्हणालो. आप्पा खो खो हसले. “तिले आवडना ना. मंग झायं!”

पौषात ती गेली.

संध्याकाळी क्लासवरून परत येत होती. ऊसतोडीचे दिवस होते. उसाने भरलेली एक ट्रॉली रस्त्याच्या कडेला उभी होती. तिला मागे दिवा नव्हता, लाल फडकंसुद्धा नव्हतं. समोरून येणाऱ्या गाडीचा उजेड हर्षदाच्या डोळ्यांवर आला असणार. स्कूटी सरळ ट्रॉलीखाली गेली. मी पोचलो तेव्हा आप्पा रस्त्यावर बसले होते आणि तिची एक चप्पल मांडीवर धरून पुसत होते.

आपल्याकडे दुःखाच्या घरी दारावर माणसं येतात. त्या पोपटी खोलीत तीन दिवस माणसं येत होती, भिंतीला टेकून बसत होती, उठून जात होती. तिसऱ्या दिवशी तापीकाठच्या गावाकडून नात्यातली एक म्हातारी आली. वहिनींना मिठी मारून रडली, मग डोळे पुसून म्हणाली, “पितरस्मा घर लिधं ना बाई. त्यासनी आपला घास लिधा.”

आप्पा दाराशी होते. त्यांनी ऐकलं.

तीन दिवस वहिनींनी मान वर केली नव्हती. ती आता केली. आप्पांकडे नाही, माझ्याकडे पाहिलं.

“भाऊ, तुम्हीबी पितरस्माच लिधं व्हतं ना घर?”

“हो वहिनी.”

“तुम्हले तं काही झायं नही.”

त्यात टोमणा नव्हता. तसा असता तर बरं झालं असतं. त्या खरोखर विचारत होत्या, मला काही माहीत असेल तर सांगा, असं. माझी दोन्ही मुलं त्या क्षणी सुखरूप होती आणि चोरीचा माल जवळ असावा तशी मला ती लपवावीशी वाटली. शेजारी ही बसली होती, तिने माझं मनगट घट्ट धरलं होतं.

त्यानंतर वहिनींनी आप्पांना एका शब्दाने दोष दिला नाही. फक्त त्या घरात बसेनाशा झाल्या. स्वयंपाक करायच्या आणि बाहेर ओट्यावर येऊन बसायच्या. आप्पा दोन ताटं वाढून ओट्यावर आणायचे. थंडीत, उन्हात, पुढे पावसातसुद्धा पत्र्याखाली अंग चोरून ती दोघं ओट्यावरच जेवायची. येणारा-जाणारा पाहायचा. तुम्ही त्या रस्त्याने गेला असतात, तर तुम्हीही पाहिलं असतं.

पुढचा भाद्रपद आला. कचेरी नेहमीसारखी ओस. एक तरुण शिक्षक आणि त्याची बायको कागद घेऊन माझ्या टेबलाशी आले. घर पसंत होतं, मालक घाई करत होता, पण पितर लागलेले. त्याची बायको मागे मागे राहत होती. शिक्षक हसून म्हणाला, “तुमच्याकडचे आप्पा म्हणतात ना, पितृपक्षात घर घ्यावं? त्यांना विचारूनच जाऊ.”

मी काही बोलायच्या आत आप्पा स्टुलावरून उठून आले. चष्मा डोळ्यांवरच होता. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं नाही, त्या मुलीकडे पाहिलं.

“दसराले या,” ते म्हणाले. “घाई नका करू. दसराले करू नोंदणी.”

मुलीचा चेहरा एकदम मोकळा झाला. ती दोघं गेली. माझं पेन तसंच हातात होतं.

“आप्पा, तुम्ही मानायला लागलात?”

“नही,” ते म्हणाले. “मी आजबी मानस नही.” मग त्यांनी टेबलाच्या कडेवरून बोट फिरवलं. “पन भाऊ, मानुसना घरमा कधी ना कधी काही व्हसच. तवय ती पोर आपला नवराकडे देखी. मी देखेल शे ते देखनं. ते कोनावर येवाले नको.”

त्यानंतर घराविषयी कुणी काही विचारलं, तर ते म्हणायचे, “मुहूर्त देखी ल्या.” बस, एवढंच. मी तीस वर्षांत माणसं बदलताना पुष्कळ पाहिली आहेत. हा बदल मला सोसवत नव्हता.

चैत्र लागला. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली. आखाजीला लेकी माहेरी येतात, गल्लीगल्लीत झोके बांधतात, दुपारभर मुलींची गाणी चालतात. वहिनी आप्पांना म्हणाल्या, “आखाजीना आत हाई घर इका.”

आप्पांनी कारण विचारलं नाही. एसटी आगारातल्या एका मेकॅनिकला घर हवं होतं. तो नगरकडचा. बायको आणि वर्षाची मुलगी. चैत्रातलं कोरडं घर. तो नुसता पाहून निघाला होता. आप्पांनीच त्याला परत बोलावलं आणि आतल्या कोपऱ्यात नेलं. “आठे पावसाळामा ओल येस. आत्ते दिसाव नही. पन येस. आधीच सांगी देस.” घर विकताना स्वतःहून ओल दाखवणारा माणूस त्या मेकॅनिकने कधी पाहिला नसावा. तो गोंधळून माझ्याकडे बघायला लागला.

दस्त पुन्हा मीच लिहिला. सह्या व्हायच्या आधी आप्पा माझ्या टेबलाशी एकटेच आले, खुर्ची ओढून अगदी जवळ बसले.

“भाऊ, ह्यामा असं लिखता येस का, का बाहेरनी खोलीना रंग बदलाना नही?”

तीस वर्षं ज्याने दस्त नोंदवताना पाहिले, तो माणूस हे विचारत होता.

“अशी अट चालत नाही, आप्पा.”

“माहीत शे मले,” ते म्हणाले. “विचारं फक्त.”

बसस्टँडमागच्या त्यांच्या जुन्या खोल्या केव्हाच दुसऱ्यांना गेल्या होत्या. त्यांनी गावाच्या दुसऱ्या टोकाला एक खोली घेतली. तिथे शेजारी त्यांना ओळखत नव्हते, पितरांविषयी कुणी बोलत नव्हतं. मला वाटलं, आता वहिनींना थोडं बरं वाटेल. पाच-सहा महिने तसं वाटलंही.

मग पितर आले. एक दिवस दुपारी आप्पा कचेरीतून अर्धी रजा टाकून माझ्याकडे आले. हातात बसस्टँडवरच्या गाड्यावरची कचोरी, कागदात बांधलेली.

“तुम्ही संगे चाला. तो मेकॅनिक तुमनं ऐकी.”

वहिनी रस्त्याच्या वळणावर उभ्या होत्या. हातात डबा होता. चालता चालता आप्पांनी सांगितलं. वहिनी तीन दिवस जेवल्या नव्हत्या. एकच म्हणत होत्या, “हाई खोलीमा ती कधी उनीच नही. ती आते पितरस्मा शे. येई तं कोनता घरले येई?”

मी मेकॅनिकला बाजूला घेऊन समजावलं. गच्चीवर एक घास ठेवायचा आहे, दहा मिनिटांचं काम. तो भला माणूस, संकोचला, आत गेला. आतून त्याच्या बायकोचा आवाज आला. हळू बोलत होती, पण दार उघडं होतं. “दुसऱ्यांचे पितर आपल्या घरावर कशाला? लहान लेकरू आहे घरात.”

आप्पांनी लगेच हात जोडले. “राहू द्या, राहू द्या. बरोबर शे त्यासनं.” ते वळलेसुद्धा.

वहिनी फाटकाशी होत्या. तिथूनच त्या म्हणाल्या, “पितर कसानी बाई? एकोनीस वरीसनी पोर शे ती.”

मेकॅनिकची बायको दारात आली. लेकरू कडेवर होतं. तिने वहिनींकडे पाहिलं आणि आत गेली. आम्हांला वाटलं, संपलं. तेवढ्यात ती पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली.

“मावशी, गच्चीवर जा. जिना मागून आहे.”

“माहीत शे,” वहिनी म्हणाल्या.

उघड्या दारातून आतली भिंत दिसत होती. तिला आता मलई रंग दिला होता. आप्पांनी ती माझ्या आधी पाहिली असावी, कारण वहिनी दारावरून जाईपर्यंत ते उंबऱ्यासमोर आडवे उभे राहिले. मग त्यांच्या मागोमाग जिना चढले. डब्यात खीर होती, वडे होते. “खीर तिले कधी आवडनीच नही. कचोरी पाहिजे तिले,” आप्पा म्हणाले आणि कचोरीचा कागद उलगडून शेजारी ठेवला. त्यावर चिंचेची चटणी नीट ओतली, कोपऱ्यात मिरची ठेवली. वहिनी ते बघत होत्या. मग त्यांनी आपल्या पदराने आप्पांचा चष्मा पुसून दिला. दीड वर्षात ती दोघं एकमेकांच्या इतकी जवळ उभी राहिलेली मी पहिल्यांदा पाहत होतो.

आप्पा त्याच हिवाळ्यात गेले. सकाळी छातीत कळ आली म्हणाले, पाणी मागितलं, पाणी येईपर्यंत थांबले नाहीत. निवृत्तीला काही महिनेच उरले होते. कचेरीत आता दुसरा शिपाई आहे. चांगला आहे. नाव पुकारतो आणि गप्प बसतो.

यंदा पितरांत वहिनींना मीच मोटरसायकलवर घेऊन गेलो. आता डब्यात दोन घास असतात. मेकॅनिकची मुलगी आता अंगणभर पळते. वहिनी वर गेल्या, आणि मी खाली अंगणात उभा असताना मेकॅनिक जवळ आला. जरा घुटमळला.

“काका, माझी बदली झाली. घर काढायचं म्हणतोय. तुम्ही इतकी वर्षं या कामात आहात. कोणता काळ चांगला?”

हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी कुणी विचारतंच. एरवी मी काहीतरी सांगतो. त्या दिवशी मी जिन्याकडे पाहिलं.

वहिनी रिकामा डबा घेऊन जिना उतरत होत्या. त्यांनी ऐकलं होतं. शेवटच्या पायरीवर त्या थांबल्या.

“आजून एक डाव पितर व्हई जाऊ द्या भाऊ,” त्या म्हणाल्या. “मंग इका.”

मेकॅनिकने बायकोकडे पाहिलं. तिने मुलीला उचलून घेतलं. हो कुणी म्हणालं नाही, नाहीही कुणी म्हणालं नाही. वहिनींनी थोडी वाट पाहिली. मग अंगण ओलांडून बाहेर आल्या, फाटकाची कडी हळूच लावली आणि डबा मांडीवर घेऊन माझ्या मागे बसल्या.

“चाला भाऊ.”